एका पायाला सात मोजे

"अक्का, काय काय काढलंस?" भरतेश स्वयंपाकघरातून ओरडला.

"चहा उकळ तू. आणि इकडं डोकावायचं नाही."

पुढच्या खोलीत जुनी चादर अंथरून मी त्याच्या सायकलच्या दोन्ही पिशव्या तिच्यावर उपड्या केल्या होत्या. खिडकीच्या गजाला ताणकाटा टांगला होता. भरलेल्या पिशव्या लावल्या तेव्हा काटा अकरा किलो चारशेवर गेला होता, आणि माझ्याकडे नऊच्या वर एक ग्रॅम चालत नव्हता.

या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. तेव्हा मी सांगलीतल्या एका शाळेत पी.टी. शिकवायचे. दर डिसेंबरात पोरांना सायकलवरून कुठेतरी न्यायचे, आणि त्या सहलींसाठी मीच एक नियम काढला होता. निघायच्या आदल्या संध्याकाळी आपली पिशवी आपण हलकी करायची नाही, ती दुसऱ्यानं करायची. मालकाला आपल्या प्रत्येक वस्तूची बाजू घेता येते. एका पोरानं एकदा इस्त्री आणली होती, आणि तिच्यावाचून आपलं कसं अडेल हे मला दहा मिनिटं पटवत होता. तेव्हापासून मालकानं आत जाऊन सगळ्यांचा चहा करायचा आणि काय काढलं ते परत आल्यावरच विचारायचं, असं ठरलं. रस्त्यात जिची आठवण झाली नाही ती वस्तू लागतच नव्हती, असं मी पोरांना सांगायचे. या नियमाचा मला भलताच अभिमान होता.

भरतेश माझा धाकटा भाऊ, तेव्हा सत्तावीस वर्षांचा. त्याच्या दीड वर्ष आधी उसाच्या ट्रॉलीनं त्याच्या मोटारसायकलला ओढलं आणि डावा पाय गुडघ्याखाली वीतभर ठेवून बाकीचा कापावा लागला. नंतर जखम दोनदा चिघळली. दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले होते, "आता पुन्हा खोल जखम झाली तर गुडघ्याच्या वर जावं लागेल. गुडघा आहे तोवर हा चालेल, जिने चढेल, सायकलसुद्धा मारेल. गुडघा जपा." हे 'जपा' ते माझ्याकडे बघून म्हणाले होते.

आणि मी जपलं. मला एखादी गोष्ट जपायला सांगितली की मी कसर ठेवत नाही. वर्षभर बिनपगारी रजा घेतली. गोळ्या, मलमपट्टी, पायाखाली घ्यायच्या उशा, उशाशी पाण्याचा तांब्या, हाक मारायला घंटी. त्यानं मागायच्या आधी वस्तू त्याच्या हाताशी असायची. आई म्हणायची, पद्मजा आहे म्हणून निभावलं. मलाही तसंच वाटायचं.

मग या सहलीच्या तीन महिने आधी नवा पाय आला. तो बसवून घ्यायला भरतेश पुण्याला एकटा गेला. मी माझीही बॅग भरली होती, पण त्यानं मला स्टँडवरून परत पाठवलं. चार दिवसांनी आला तो चालत. पाय घालायचा, काढायचा, ते सगळं तो खोलीचं दार लावून करायचा. त्या पायाला तो 'जावई' म्हणायचा. जरा कुठे खुपलं की रुसतो, फार मान ठेवावा लागतो, असं म्हणायचा. महिन्याभरात सायकलवर बसला, आणि दिवाळी झाल्यावर एक दिवस म्हणाला, "अक्का, या वेळी पोरं नकोत. आपण दोघंच जाऊ. रत्नागिरी ते मालवण. चार दिवस."

म्हणून ती चादर. मी एक पेचकस काढला, जाडजूड कादंबरी काढली, आईनं कोंबलेला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला, एक टी-शर्ट काढला. तरी काटा नऊ किलो तीनशेवरच. मग मोज्यांचं पुडकं दिसलं. पांढरे, जाड, टाच नसलेले लांब मोजे, नव्या पायात घालायचे. मोजले तर सात. चार दिवस, एक पाय आणि सात मोजे! मला हसूच आलं. मोजे कशासाठी असतात हे मला ठाऊक आहे असं मी धरून चालले होते. दोन ठेवले, पाच काढले, काटा नऊवर येऊन थांबला.

"झालं!" मी ओरडले. "आण चहा."

तो कप घेऊन आला तेव्हा पिशव्यांच्या चेनी लावून झाल्या होत्या. काढलेलं सगळं मी कपाटात टाकलं होतं.

पहिला दिवस छान गेला. सायकली एसटीच्या टपावर टाकून रत्नागिरी गाठली आणि समुद्राच्या कडेकडेनं निघालो. चढावर मी पुढे गेले की मागून त्याची शीळ ऐकू यायची. जैतापूरच्या अलीकडे एका ओळखीच्या मास्तरांच्या घरी मुक्काम होता. आमच्या जैनांकडे सूर्य बुडायच्या आत जेवायचं असतं, त्यामुळे साडेपाचलाच पानं मांडली. जेवण झाल्यावर भरतेश पिशवी घेऊन मागच्या खोलीत गेला. बराच वेळ आवाज नाही. मग आतून तो एकटाच हसल्याचं ऐकू आलं.

"काय रे?"

"काही नाही. जावई रुसलाय जरा."

मी विचारलं नाही. दार लावलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग मागे टाकून देवगडच्या वाटेला लागलो आणि सडा सुरू झाला. सडा म्हणजे कोकणातलं कातळाचं पठार. झाड नाही, सावली नाही, काळ्या दगडातून गेलेला एकच रस्ता. अकराच्या सुमाराला मला मागून आवाज ऐकू यायला लागला. टक्. मग पायडलचा एक फेरा. पुन्हा टक्.

"पायडल ढिलं झालंय का बघ रे."

"नाही, गिअरचा आहे आवाज. चल तू."

सायकलचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो, आणि हा गिअरचा नव्हता. पण तो चल म्हणाला म्हणून मी चालले. शीळ सकाळपासून एकदाही ऐकू आली नव्हती.

बारा वाजता एका टपरीवर थांबलो. तो टपरीच्या मागे गेला, पाच मिनिटांनी आला.

"अक्का, जास्तीचा रुमाल आहे का गं तुझ्याकडं?"

"दोनच आणलेत. एक दिला की सकाळी."

"तो पडला कुठंतरी."

"वाटलंच. म्हणून मोजकं आणायचं. जेवढं जास्त, तेवढं हरवतं." असं मी त्याला ऐकवलं. आज ते आठवलं की कान गरम होतात.

त्यानं मान हलवली. मी दुसरा रुमाल दिला. निघताना बघते तर माझ्या हँडलला वाळत टाकलेला पंचाही दिसेना. वाऱ्यानं गेला असेल म्हणून मी सोडून दिलं.

पुढचा अर्धा-पाऊण तास मला जसाच्या तसा आठवतो. आवाज बंद झाला, पण भरतेशचा वेग निम्मा झाला. मी शंभर मीटर पुढे जायचे, थांबायचे, वळून बघायचे. तो उजव्याच पायानं रेटत होता, डावा नुसता फिरत होता. जवळ आला की हसायचा, आणि ते हसू मला ओळखीचं होतं. दुसऱ्यांदा जखम चिघळली तेव्हा ताप एकशे तीन होईपर्यंत तो असाच हसत होता.

"भरत्या, दुखतंय का?"

"नाही गं. ऊन आहे."

"काढून दाखव."

"देवगडला दाखवतो. अठरा किलोमीटर तर राहिलंय."

"आत्ता दाखव."

"अक्का, मी लहान आहे का?"

एरवी मी त्याला हातानं धरून खाली बसवलं असतं. पण तो इतक्या सरळ आवाजात बोलला की मी पुन्हा सायकलवर बसले. मनात डॉक्टरांचं वाक्य घोळत होतं. गुडघ्याच्या वर जावं लागेल. खोल जखम म्हणजे किती खोल, हे मी तेव्हा विचारलंच नव्हतं.

पाऊण वाजता आंब्याची एक बाग आली. रस्त्याच्या कडेला दगडांचा गडगा होता. वळून बघितलं तर भरतेश सायकलवरून उतरून तिला टेकून उभा होता, आणि त्याच्या तोंडावर रंग नव्हता. मी सायकल तशीच रस्त्यात टाकून धावले.

"बस. आता बोलायचं नाही. बस."

तो गडग्यावर बसला. पँट वर केली आणि पाय ओढून काढला. आतून काय काय निघालं! माझे दोन्ही रुमाल. माझा पंचा. त्याच्या बनियनचा फाडलेला अर्धा भाग. एक प्लास्टिकची पिशवी, घडी घातलेली. मग ते दोन मोजे, एकावर एक. आणि सगळ्यात आत रबरी खोळ, तिच्या कडेला रक्त.

"हे काय आहे?" माझा आवाज चिरकला. "मोजे सोडून हे काय कोंबलंयस?"

"मोजे कुठायत?"

"दोन ठेवले होते की मी!"

"अक्का," तो दमलेल्या आवाजात म्हणाला, "दिवसभरात हा पाय सुकतो. आत शिरलेलं पाणी उतरतं, पाय बारीक होतो, आणि हे कवच तेवढंच राहतं. मग आत पाय खालीवर आपटतो. म्हणून मोजे वाढवत जायचं. सकाळी एक, जेवणाच्या वेळी दोन, चढ असला की चार. घामानं भिजले की बदलायचे. पुण्यात चार दिवस तेच शिकवलं मला."

मी खाली कातळावर बसले. तो टक् टक् आवाज कसला होता ते आता कळलं.

"काल रात्रीच कळलं तुला."

"हो."

"मग बोलला का नाहीस? आपण रत्नागिरीलाच परत फिरलो असतो! रत्नागिरीला मिळाले असते, नाहीतर पुण्याहून मागवले असते, भरत्या, मी आले असते की जाऊन—"

तो खोळ उतरवायला लागला. खाली हाडाच्या टोकाशी रुपयाएवढी जागा लाल झाली होती आणि मधली कातडी गेली होती. किती खोल ते रक्तात दिसत नव्हतं. मोबाइलवर रेंज नव्हती. मी बाटलीतलं पाणी ओतून जखम धुतली.

बागेतून एक बाई आली. मोहोर धरला होता, तिचा नवरा आत फवारणी करत होता.

"काय झाला गो बाय? पडलो काय तो?" मग तिला बाजूला ठेवलेला पाय दिसला. तिनं लगेच पदर खोचला. "रगात येता मा? थांब हां, स्वच्छ फडको आणतंय."

"गाडी मिळेल का कुठली? देवगडला डॉक्टर..."

"आमचो टेंपो वरच्या बागेत गेलो हा टाकी घेवन. अर्ध्या तासात येतलो. तवसर सावलेक बसा. घाबरू नको गो."

अर्धा तास नव्हता तो, पाऊण तास होता. मी रस्त्यावर उभी राहून टेंपोच्या वाटेकडे बघत होते, पुन्हा येऊन त्याच्या कपाळाला हात लावत होते. ताप आहे की ऊन आहे ते कळत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की पुन्हा तेच ऑपरेशन थिएटर, आणि या वेळी आत पाठवणारी मी. तीनशे ग्रॅमसाठी! पोरांना शिस्त लावणारी, प्रत्येक वस्तू तोलणारी मी, आणि एका पायाला मोजे किती लागतात ते विचारायचं मला सुचलं नाही. विचारायचं नाही असा नियमच केला होता ना.

टेंपोत फवारणीच्या टाकीशेजारी त्याला बसवलं. सायकली बागेतच ठेवल्या. देवगडपर्यंत प्रत्येक खड्ड्याला मी त्याचा गुडघा दोन्ही हातांनी धरून ठेवत होते, जणू तेवढ्यानं तो जाणार नव्हता.

दवाखान्यात एक मध्यमवयीन डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्याला टेबलावर झोपवलं आणि मला विचारायला लागल्या.

"यांना शुगर आहे का?"

"नाही."

"आधी इन्फेक्शन?"

"दोनदा. दुसऱ्यांदा हाडापर्यंत गेलं होतं. डॉक्टर, गुडघा तर..."

"थांबा जरा."

त्यांनी दिवा ओढून घेतला, चिमट्यानं कापसाचा बोळा जखमेवर फिरवला. एकदा, दोनदा. मग पुन्हा वाकून बघितलं. भरतेश छताकडे बघत होता, टेबलाची कड त्यानं घट्ट धरली होती, आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तोही घाबरला आहे.

"वरची कातडी गेली आहे," त्या म्हणाल्या. "खाली गेलेलं नाही. वेळेवर काढला पाय. अजून दोन तास चालवली असती सायकल तर मला वेगळं सांगावं लागलं असतं. पंधरा दिवस हा पाय घालायचा नाही, रोज ड्रेसिंग, आणि या गोळ्या."

मी भिंतीला टेकले. रडू आलं आणि आवरलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्ची दिली, पेशंटपेक्षा मलाच जास्त लागलंय असं वाटून असेल.

नंतर आम्ही दवाखान्याच्या ओसरीवर बाकावर बसलो. पाच वाजून गेले होते. रात्रीच्या गाडीनं परतायचं ठरलं होतं, सायकली नंतर पाठवतो म्हणून बागवाल्यानं सांगितलं होतं. माझं रडून झालं होतं, आता राग आला होता.

"मला शिव्या घाल," मी म्हटलं. "मी काढले मोजे. मूर्ख मी. पण तू काल रात्री का नाही बोललास ते सांग. माझा राग आला म्हणून?"

"आधी आला राग. पिशवी सगळी उपसली, दोनच सापडले. मग हसायला आलं."

"हसायला?"

"शाळेतल्या पोरांची पिशवी उपसतेस तशी माझी उपसलीस की गं." तो रस्त्याकडे बघत बोलत होता. "दीड वर्ष तू माझ्याजवळ नुसतं आणून ठेवतेयस. उशा, गोळ्या, वाटी, घंटी. मी काही मागायच्या आत आणून ठेवायचीस. किती वेळा वाटायचं, हिला सांगावं, पुरे. पण सांगणार कसं? तू नोकरी सोडून बसलेली माझ्यासाठी. दीड वर्षात परवा पहिल्यांदा माझ्यातनं काहीतरी काढलंस. यातलं याला काय लागतंय, निभेल त्याचं, म्हणून काढलंस. मला वाटलं, झालं, सुटलो. आता मी बरा. आणि ते मी बोललो असतो की मोजे लागतात अक्का, तर उद्यापासून पुन्हा घंटी."

तो म्हणतो तसा विचार करून मी काही काढलं नव्हतं. मी फक्त काटा नऊवर आणला होता. पण हे त्याला सांगायची माझी हिंमत झाली नाही, आजही झालेली नाही.

"पाय गेला असता, भरत्या."

"हो. टपरीवरच समजलं होतं मला. घाबरलो होतो. तरी अठरा किलोमीटर, अठरा किलोमीटर करत बसलो. गाढवपणा केला."

तेवढ्यात माझा फोन वाजला. देवगडात रेंज होती. आईचा होता. दिवस मावळायच्या आधी आमची जेवणं झाली का विचारायला ती रोज याच वेळी करायची.

"जेवलात का गं? आणि तो कसा आहे? पाय दुखत नाही ना त्याचा?"

दीड वर्ष हा प्रश्न ती मला विचारायची आणि मी उत्तर द्यायचे. झोपला, खाल्लं, ताप नाही, पट्टी बदलली. तो शेजारी जागा असला तरी मीच सांगायचे. उत्तर ओठांवर आलंही. आई, काळजी करू नकोस, मी आहे.

भरतेश माझ्याकडे बघत नव्हता. पट्टी बांधलेला पाय बाकावर सरळ ठेवून समोर बघत बसला होता.

"त्यालाच विचार," मी म्हटलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

त्यानं एकदा फोनकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग कानाला लावला.

"आई, मी बोलतोय. जखम झालीय पायाला... अगं ओरडू नकोस, ऐक आधी. गुडघा ठीक आहे... नाही, अक्काची काही चूक नाही. मला दुखत होतं ते मी बोललो नाही, म्हणून झालं... हो. हो. मी सांगतो ना सगळं."

पलीकडून आईचा आवाज मोठा होत होता, मला बाकावर बसूनही ऐकू येत होता. फोन परत घ्यावा म्हणून माझा हात दोनदा पुढे गेला. शेवटी मी उठले, ओसरीच्या पायऱ्या उतरून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिले आणि त्याला बोलू दिलं.